आरोग्यसंपदा : पावलांचा रोजमेळ

व्यापारी कुटुंबाला हिशेबाचे महत्त्व सांगावे लागत नाही. रोजमेळ लिहिला जातो, उधारीवर लक्ष असते, दिवाळीपूर्वी शिल्लक मालाची मोजदाद होते. मात्र हीच काटेकोर माणसे स्वतःच्या शरीराचे चार-पाच आकडे वर्षानुवर्षे पाहत नाहीत. पाहिलेच, तर एकेकटे पाहतात. रक्तदाब ‘थोडा वर’ आहे, साखर ‘सीमेवर’ आहे, ट्रायग्लिसराइड ‘जरा जास्त’ आहेत आणि पोट ‘वयानुसार’ सुटले आहे, असे म्हणून प्रत्येक रकमेची किरकोळ खर्चात नोंद होते. बेरीज कोणी करीत नाही.

ती बेरीज केली, की जे दिसते त्याला वैद्यकशास्त्र मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणते. हा एखादा स्वतंत्र रोग नव्हे. चयापचयातील अनेक बिघाड एकाच देहात एकत्र नांदू लागल्याची ती खूण आहे. अमेरिकन वैद्य जेरल्ड रीव्हन यांनी १९८८ मध्ये या समूहाकडे जगाचे लक्ष वेधले, तेव्हा त्यांनी त्याला ‘सिंड्रोम एक्स’ असे नाव दिले होते. आज वापरात असलेले निकष २००९ मध्ये अनेक आंतरराष्ट्रीय संस्थांनी एकमताने ठरवले. पोटाचा घेर दक्षिण आशियाई पुरुषांत ९० सेंटिमीटर किंवा अधिक, स्त्रियांत ८० किंवा अधिक. ट्रायग्लिसराइड १५० किंवा अधिक. हितकर म्हटले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० पेक्षा व स्त्रियांत ५० पेक्षा कमी. रक्तदाब वरचा १३० किंवा खालचा ८५ यांच्या बरोबरीने वा त्यापुढे. आणि उपाशीपोटीची साखर १०० किंवा अधिक. या पाचांपैकी कोणतेही तीन लागू पडले, की मेटाबॉलिक सिंड्रोम आहे असे समजावे. एखादा आकडा औषधाने आटोक्यात असला, तरी तो आटोक्यात ठेवावा लागतो, म्हणून त्याचीही गणना होते.

यात कुठे दुखत नाही, हीच खरी अडचण आहे. पंचेचाळिशीतील गृहस्थ नित्याप्रमाणे दुकान उघडतो, गिऱ्हाईक सांभाळतो, लग्नसराईत बारा-बारा तास बसतो. त्याला आजारी कोण म्हणणार? परंतु या अवस्थेतील माणसाला पुढे मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या साधारण पाचपट आणि हृदयविकार किंवा पक्षाघाताची साधारण दुप्पट असते. ज्याच्या सहीवर घराचा सगळा व्यवहार चालतो, त्याच माणसाच्या बाबतीत ही शक्यता बेहिशेबी सोडून दिलेली असते.

भारतीयांच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर का, याचे उत्तर शोधण्यात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा वाटा मोठा आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा बीएमआय हा आकडा दोघांचाही अगदी सारखा, २२.३; म्हणजे रूढ मापाने दोघेही सडपातळ. मात्र शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के! अंगावर न दिसणारी ही चरबी कशी घात करते, ते समजण्यास व्यापाऱ्याला गोदामाचे उदाहरण पुरे आहे. त्वचेखालील चरबीचा थर हे शरीराचे गोदाम होय. भारतीय प्रकृतीत ते लवकर भरते. मग जादा माल बोळात, जिन्यावर, गल्ल्याशेजारी रचला जावा, तशी चरबी यकृतात, स्नायूंत आणि आतड्यांभोवती साठू लागते व तिथल्या कामाला अडथळा करते. इन्सुलिन असूनही पेशी त्याला दाद देत नाहीत, साखर रक्तात फिरत राहते, यकृत अधिकाधिक ट्रायग्लिसराइड रक्तात सोडू लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले त्याहून अधिक, सुमारे १३ कोटी ६० लाख.

या कोंडीतून वाट काढणारा सर्वांत हुकमी उपाय स्नायूंपाशी आहे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातील साखर आत ओढून घेतो. व्यायाम थांबल्यावरही काही तास, पुष्कळदा दुसऱ्या दिवसापर्यंत, तो इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतो. नियमित व्यायामाने यकृतातील आणि पोटातील चरबी उतरू लागते, ट्रायग्लिसराइडचा निचरा सुधारतो आणि रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब काही अंशांनी खाली येतो. विशेष म्हणजे वजनकाटा जागचा हलला नाही तरी यातील बराच लाभ मिळतो. महिनाभर चालून एक किलोही उतरले नाही म्हणून चालणे सोडणारे लोक नफा दिसू लागण्याच्या वेळीच दुकान बंद करतात.

आता हे ज्ञान नवे नाही. ‘रोज चालत जा’ हे वाक्य प्रत्येक वैद्य प्रत्येक रुग्णाला सांगतो आणि रुग्णही मान डोलावून ते औषधाच्या चिठ्ठीबरोबर घडी घालून ठेवतो. प्रश्न सांगण्याचा नसून ते घडवून आणण्याचा आहे. मनगटावर बांधायची यंत्रे आणि मोबाइल यांच्या साहाय्याने ते घडवता येईल का, याची एक पद्धतशीर परीक्षा जर्मनीत झाली.

वोल्फ्सबुर्ग हे फोक्सवॅगन मोटारींच्या कारखान्याचे शहर. हॅनोवरच्या वैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांनी या कारखान्यातील मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या ३१४ कर्मचाऱ्यांची निवड केली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला सहा महिने व्यायामाचा कार्यक्रम दिला. दुसऱ्या गटाने नेहमीचे जीवन चालू ठेवून आपली पाळी येईपर्यंत थांबावयाचे होते. पहिल्या गटातील प्रत्येकाशी तज्ज्ञांनी समक्ष बोलून त्याची क्षमता, आवड आणि कामाच्या पाळ्या लक्षात घेऊन व्यायाम ठरवला. आठवड्याला एकूण १५० मिनिटे हे ध्येय होते. मनगटी यंत्रात हालचालींची आणि नाडीच्या ठोक्यांची नोंद होई. ती नोंद संशोधकांकडे पोहोचे. ते ती पाहत, कर्मचाऱ्याशी संपर्क ठेवीत आणि गरजेप्रमाणे व्यायामात बदल सुचवीत. त्यासाठी कोणालाही दर आठवड्याला रुग्णालयात किंवा व्यायामशाळेत जावे लागत नव्हते.

२०१९ मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये या प्रयोगाचे फलित प्रसिद्ध झाले. वर सांगितलेल्या पाचही घटकांना एकत्र करून सिंड्रोमची तीव्रता दाखवणारा एक गुणांक काढतात. व्यायाम करणाऱ्या गटात तो स्पष्टपणे उतरला. थांबलेल्या गटात तो जवळजवळ होता तिथेच राहिला. त्याहून व्यापाऱ्याच्या कानावर घालण्यासारखी गोष्ट अशी, की व्यायाम करणाऱ्यांची काम करण्याची क्षमताही वाढल्याचे आढळले, आणि आरंभी ज्यांची ही क्षमता कमी होती त्यांना अधिक लाभ झाला. ‘व्यायामाला वेळ काढला तर धंद्याचे काय?’ असा प्रश्न ज्या घरांत विचारला जातो, तिथे हा निष्कर्ष वाचून दाखवावा.

या यशाचे श्रेय कोणाला द्यावे? मनगटावरच्या यंत्राला द्यावे, असे जाहिराती सांगतील. तथापि यंत्राची कसोटी घेणारे इतर प्रयोग शेजारी ठेवले, तर चित्र वेगळे दिसते. अमेरिकेत पिट्सबर्ग येथे ४७१ स्थूल तरुण-तरुणींवर दोन वर्षे एक प्रयोग झाला. आहार, व्यायाम आणि समुपदेशन सर्वांना सारखेच होते. सहा महिन्यांनंतर निम्म्यांना दंडावर बांधायचे हालचाल-मापक यंत्र दिले. उरलेल्यांनी आपल्या खाण्याची व व्यायामाची नोंद स्वतः संगणकावर करावयाची होती. दोन वर्षांअखेर स्वतः नोंद करणाऱ्यांचे वजन सरासरी ५.९ किलोने कमी झाले होते, यंत्र वापरणाऱ्यांचे ३.५ किलोने. हा प्रयोग तरुणांवरचा आणि वजनापुरता होता, हे खरे. तरीही यंत्र बांधले की काम झाले, हा भ्रम दूर करण्यास तो पुरेसा आहे. मुनीम ठेवला म्हणून मालकाने वही उघडायचीच नाही, असे झाले तर पेढीचे काय होते, हे बाजारात नवे नाही.

सिंगापूरच्या प्रयोगात तर पैशांचीच परीक्षा झाली. १३ संस्थांमधील ८०० नोकरदारांपैकी काहींना नुसते पावले मोजणारे यंत्र दिले, काहींना यंत्रासोबत रोख बक्षीस आणि काहींना त्यांच्या नावे दानधर्मासाठी रक्कम. बक्षीस चालू होते ते सहा महिने रोख रक्कम मिळणारे लोक सर्वांत पुढे होते. बक्षीस बंद झाले आणि वर्षअखेरपर्यंत ते पुन्हा मूळ पदावर आले. बहुतेकांनी यंत्रही बाजूला ठेवले होते. वजनात किंवा रक्तदाबात फरक दिसला नाही. लोभाने पाय हलतात, पण लोभ संपताच थांबतात. नातवाला दहा हजार पावलांमागे पन्नास रुपये कबूल करणाऱ्या आजोबांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा. विशेषतः नातू ते यंत्र हातात घेऊन नुसता हलवत बसलेला दिसला तर.

उलट आपल्याच देशात, अगदी साध्या साधनाने काय साधले ते पाहण्याजोगे आहे. चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण भारतातील ५३७ नोकरदार पुरुषांचा सुमारे दोन वर्षे अभ्यास केला. हे सारे मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. आहार-व्यायामाचा सल्ला सर्वांना एकदा दिला गेला. त्यांपैकी निम्म्यांना पुढे मोबाइलवर नियमितपणे छोटे संदेश जात राहिले, एवढाच फरक. संदेश न मिळालेल्यांपैकी २७ टक्के पुरुषांना मधुमेह झाला. संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना. या गटात सुधारणा मुख्यतः आहाराच्या पालनात दिसली, व्यायामात तितकी नाही, हेही नमूद केले पाहिजे. परंतु ज्या काळात स्मार्टवॉच कोणाच्या हाती नव्हते, त्या काळात साध्या फोनवरील चार ओळींनी हे घडवले. कोणीतरी आठवण ठेवीत आहे, ही जाणीव त्या ओळींमागे होती.

म्हणजे वोल्फ्सबुर्गमध्ये जे कामास आले, ते नोंद पाहणारा माणूस असणे. यंत्राने फक्त त्या माणसाला दूर बसून पाहण्याची सोय दिली. नोंद वाचून ‘या आठवड्यात चाळीसच मिनिटे झाली, गुडघा दुखत होता की बाजारात गर्दी होती?’ असे विचारणारा कोणी असला, तर पाच हजार रुपयांचे यंत्र सार्थकी लागते. तो नसेल, तर पन्नास हजारांचे घड्याळही शोभेची वस्तू ठरते.

यंत्रावर किती विश्वास ठेवावा, याचेही तारतम्य हवे. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१७ मध्ये सात मनगटी यंत्रे तपासली गेली. त्यांपैकी सहांनी नाडीचे ठोके बऱ्यापैकी अचूक दाखवले. खर्च झालेल्या कॅलरींचा आकडा मात्र एकाचाही विश्वासार्ह नव्हता. सर्वांत चांगल्या यंत्राची चूकही २७ टक्के होती. ‘घड्याळाने चारशे कॅलरी दाखवल्या, म्हणून एक प्लेट जिलेबी चालेल’ हा व्यवहार त्यामुळे बुडीत खात्यातला समजावा. पावलांची मोजणीही हाताच्या हालचालीवरून होते. काउंटरवर कापड मोजताना किंवा पोळ्या लाटताना न चाललेली पावले जमा होऊ शकतात, आणि ढकलगाडीच्या दांड्यावर हात ठेवून खरोखर चाललेली पावले गळू शकतात. रोजच्या चुका साधारण सारख्या असतात, म्हणून कालच्या आकड्याशी आजचा ताडून पाहण्यास ते उपयोगी आहे. शेजाऱ्याच्या आकड्याशी नव्हे.

एका बाबतीत तर सावधच राहिले पाहिजे. सुई न टोचता रक्तातील साखर सांगणारी घड्याळे आणि अंगठ्या हल्ली स्वस्तात विकल्या जातात. स्वतःच साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. असल्या आकड्यावरून कोणी इन्सुलिनचे प्रमाण बदलले, तर प्राणावर बेतू शकते. दंडाला पट्टा न बांधता रक्तदाब दाखवणारी घड्याळेही खऱ्या रक्तदाबमापकाची जागा घेऊ शकत नाहीत.

दहा हजार पावलांच्या आकड्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण तो पाळता येत नाही म्हणून पुष्कळजण आरंभच करीत नाहीत. १९६५ मध्ये जपानमधील एका कंपनीने ‘मान्पो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’, या नावाने यंत्र बाजारात आणले. आकडा रूढ झाला तो तिथून. तो विक्रीसाठी घेतलेला सोयीचा आकडा होता. हार्वर्डच्या डॉ. आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे सतरा हजार अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी होते, आणि सुमारे ७,५०० नंतर त्यात आणखी घट दिसली नाही. दिवसभर गादीवर बसून अडीच हजार पावले चालणाऱ्या गृहस्थाने दहा हजारांच्या धास्तीने बसून राहण्यापेक्षा पंधरवड्याला हजाराची भर घालीत जावे.

मात्र पावलांच्या संख्येइतकीच गतीही महत्त्वाची आहे. दुकानात इकडून तिकडे फिरणे वेगळे आणि भरभर चालणे वेगळे. मिनिटाला साधारण १०० पावले म्हणजे मध्यम श्रमाचा व्यायाम, असे संशोधकांनी ठरवले आहे. यासाठी यंत्राचीही गरज नाही. १५ सेकंदांत २५ पावले पडली की गती योग्य. चालताना सोबत्याशी बोलता यावे, स्तवन मात्र गाता येऊ नये, ही कसोटी त्याहून सोपी. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी ज्यांना बीटा-ब्लॉकर गटातील औषध चालू आहे, त्यांच्या नाडीचे ठोके औषधानेच दाबलेले असतात. त्यांनी घड्याळातील ठोक्यांऐवजी हीच कसोटी वापरावी.

व्यापारी कुटुंबाच्या दिनक्रमात ही १५० मिनिटे कुठून आणावयाची? सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम अनेक घरांत आहे. पेठेतील बऱ्याच दुकानांत संध्याकाळी डबा येतो, जेवण तिथेच उरकते आणि मालक पुन्हा गादीवर बसतो तो रात्री दुकान बंद होईपर्यंत. जेवणानंतर रक्तातील साखर चढू लागते, नेमक्या त्या वेळी शरीर निश्चल असते. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील वृद्धांवर अमेरिकेत झालेल्या एका छोट्या अभ्यासात, प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटे चालल्याने दिवसभराची साखर सुधारली. रात्रीच्या जेवणानंतरची साखर उतरवण्यात तर हे चालणे एकाच वेळी ४५ मिनिटे चालण्यापेक्षा अधिक गुणकारी ठरले. तेव्हा डबा झाकल्यानंतर पंधरा मिनिटे गल्ला मुलाकडे किंवा पुतण्याकडे सोपवून बाजारात एक फेरी मारावी. सात दिवसांची १०५ मिनिटे झाली. साप्ताहिक सुट्टीच्या सकाळी ४५ मिनिटांची एक दौड चालीने केली, की दीडशेचा मेळ बसतो. यात कोणतेही गिऱ्हाईक परत जात नाही.

याशिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर लावणारा व्यायाम जागतिक आरोग्य संघटनेने सर्व प्रौढांना सांगितला आहे. भारतीय देहात स्नायू मुळातच कमी, म्हणून आपल्याकडे याचे महत्त्व अधिक. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून केलेले जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, रबरी पट्टा ताणणे, एवढ्याने आरंभ होतो. पूर्वी पोती माळ्यावर चढवण्यात जो व्यायाम आपोआप होई, तो आता हमालाच्या वाट्याला गेला आहे.

नोंद पाहणारा माणूस कोण असावा, हा प्रश्न एकत्र कुटुंबात तसा सोपा आहे. सासऱ्याला प्रेमाने टोकू शकणारी सून, काकांशी मोकळेपणाने बोलणारा पुतण्या किंवा शेजारच्या दुकानातील समवयस्क मित्र, यांपैकी एकाने आठवड्यातून एकदा पाच मिनिटे देऊन मोबाइलमधील आकडे पाहावेत. संपूर्ण कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर रोज पावले टाकण्याची हौस मात्र आवरावी. तिथे लवकरच शर्यत सुरू होते, दमणारा माणूस गप्प होतो आणि ज्याला सर्वांत अधिक गरज आहे तोच प्रथम बाहेर पडतो. पाहणाऱ्याने दरडावण्याचेही कारण नाही. काय आड आले, एवढेच विचारावे आणि पुढचा आठवडा त्याप्रमाणे बदलावा. त्रास, औषध किंवा रक्तदाब यांचा संबंध असेल तेव्हा हे आकडे वैद्यांपुढे ठेवावेत. तीन महिन्यांची नोंद एका दृष्टिक्षेपात दिसली, तर त्यांचाही सल्ला अधिक नेमका होतो.

या सगळ्यात घरातील स्त्रिया बहुधा गाळल्या जातात. घड्याळ यजमानांसाठी येते. वस्तुतः २०२२ मध्ये भारतातील सुमारे ५७ टक्के स्त्रियांची शारीरिक हालचाल पुरेशी नसल्याचे आढळले आहे. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होते. दिवसभर घरात राबणाऱ्या गृहिणीला हे अन्यायाचे वाटेल, आणि तिचा राग रास्त आहे. पण ओट्याशी तासन्‌तास उभे राहणे थकवते, दम वाढवीत नाही. तिलाही ती पंधरा मिनिटे मिळावीत म्हणून जेवणानंतरची आवराआवर दुसऱ्या कोणी केली, तर ती मदत सुवर्णालंकारापेक्षा अधिक टिकेल.

आरंभ करण्यापूर्वी काही गोष्टी वैद्यांशी बोलून घ्याव्यात. चालताना छातीवर दाब येणे, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ जाणे, नेहमीपेक्षा अधिक धाप लागणे, ही लक्षणे असतील तर प्रथम तपासणी, मग चालणे. पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी अनवाणी फेऱ्या मारू नयेत. मंदिरात जाताना पादत्राणे बाहेर राहतात, तेव्हा तापलेल्या फरशीवर पोळलेले त्यांना कळत नाही. चातुर्मासात एकासना, आयंबिल किंवा उपवास करणाऱ्यांपैकी ज्यांना इन्सुलिन अथवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू आहे, त्यांची साखर रिकाम्या पोटी चालल्याने एकाएकी खाली जाऊ शकते. हातपाय थरथरणे, घाम फुटणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची चिन्हे. अशांनी तपश्चर्येचा संकल्प करण्यापूर्वीच वैद्यांकडून औषधाचे प्रमाण ठरवून घ्यावे. अठाईसारख्या दीर्घ तपात व्यायामाचे ध्येय बाजूला ठेवावे आणि घड्याळाने कितीही आठवण केली तरी विश्रांती घ्यावी. पारण्यानंतर काही दिवस हळूहळू पूर्वपदावर यावे.

फलित पाहण्याची घाई करू नये. एचबीएवनसी ही चाचणी मागील सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवते, त्यामुळे ती तीन महिन्यांपूर्वी पुन्हा करण्यात फारसा अर्थ नाही. ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल त्याच वेळी तपासून घ्यावेत. रक्तदाब घरी मोजताना पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवून मोजावा. पोटाचा घेर मात्र महिन्यातून एकदा घरच्या घरी घेता येतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, उघड्या अंगावर टेप फिरवावी, श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचावा आणि तारखेसह लिहून ठेवावा. पँटचा नंबर हे माप नव्हे. पट्टा पोटाखाली सरकत जातो आणि नंबर दहा वर्षे तोच राहतो.